आजची प्रत सुखरूप

सोमवार, १ सप्टेंबर

शाळेतून निवृत्त होऊन महिना झाला. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी ही डायरी हातात ठेवली आणि म्हणाले, सर, आता आत्मचरित्र लिहा. भूमितीच्या मास्तराचं कसलं आलंय आत्मचरित्र! पण कोरी पानं माझ्याने बघवत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

आज समोरच्या खोलीतलं कपाट माझ्या पुस्तकांसाठी रिकामं केलं. आत हिची खाकी कागदाची भेंडोळी कोंबलेली होती. शर्ट, फ्रॉक, पँट बेतायचे नमुने. कडा झुरळांनी खाल्लेल्या. हे हवंय का, म्हणून विचारलं. शिवणयंत्रावरून मान वर न करता ही म्हणाली, "टाका. सगळं साइटवर आहे." टाकलं.

साइट म्हणजे हिची वेबसाइट. कपडे कसे बेतायचे, ते ही तिथे आकृत्या काढून शिकवते. चौदा-पंधरा वर्षं चाललंय. हे सगळे उद्योग मी शाळेत असताना व्हायचे, त्यामुळे मी काही पाहिलेलं नाही. बरेच लोक बघतात म्हणे.

संध्याकाळी टेप घेऊन आली. पाच मिनिटं उभे राहता का, खांद्याचं माप घ्यायचंय. मी पुस्तकं विषयवार लावत होतो. म्हणालो, मी काय दुकानातला पुतळा आहे? टेप गुंडाळत गेली.

गुरुवार, ४ सप्टेंबर

साइटवाला आला होता. म्हणजे हिच्या साइटची तांत्रिक कामं बघणारा. दर गुरुवारी येतो, हे मला आज कळलं. माझ्या घरात दर गुरुवारी एक माणूस येतो आणि मला ते निवृत्त झाल्यावर कळतं.

ही त्याला 'आपला साइटवाला' म्हणते. डॉक्टर नुसता डॉक्टर, नळवाला नुसता नळवाला. हाच तेवढा आपला.

पस्तिशीचा असेल. उंच, ताठ, मान कशी सरळ. गवंडी भिंतीला लावतात त्या वजनाच्या दोरीवरून मी मनातल्या मनात त्याचं नाव ओळंबा ठेवलं. हिला काकू म्हणतो. आता काकूच म्हणतो, पण कसा म्हणतो ते ऐकायला हवं. मला काका म्हणाला. माझे विद्यार्थी याच्याहून मोठे आहेत आणि मला सर म्हणतात.

चहा आला. त्याच्या कपात हिने न विचारता दीड चमचा साखर घातली. मला रोज विचारते, घालू का म्हणून, आणि मग घालत नाही.

एका गोष्टीने मात्र बरं वाटलं. त्याच्या निळ्या शर्टाला डाव्या खांद्यावर अशी चुणी पडते की बघवत नाही. तो गेल्यावर मी म्हणालो, कुणा नवशिक्याने शिवलाय गं तो शर्ट? हिने सुई दातात धरली होती. काहीतरी पुटपुटली आणि वळून बसली. लागलं असावं. लागू दे.

रविवार, ७ सप्टेंबर

रिकामे बसलाय तर माझे मेल तरी चाळा, असं ही आपणहून म्हणाली. लोकांचे प्रश्न वेगळे काढायचे, फालतू ते फेकायचे. बसलो. आणि नको होतं ते दिसलं.

साइटवाला हिला रोज निरोप पाठवतो. रोज पहाटे. एक दिवस चुकलेला नाही. एका मिनिटाचाही फरक नाही, इतका नेम. आणि मजकूर काय, तर "आजची प्रत सुखरूप. निश्चिंत असा." मी मागे मागे जात राहिलो. मागच्या वर्षी तेच, त्याच्या मागच्या वर्षीही तेच. आमच्या लग्नाच्या वाढदिवशी मी विसरलो होतो, पण हा विसरला नव्हता.

निश्चिंत असा! मी हिला असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

'प्रत' म्हणजे काय ते मला समजतं. साइटची नक्कल काढून ठेवतात, मूळ गेलं तर असावी म्हणून. पण कुठला माणूस पहाटे उठून असली कामं करतो? आणि केली तर केली, ते सांगायचं कशाला? कामाच्या आडून माणूस दुसरंच काही सांगत असतो, हे कळायला भूमिती लागत नाही.

छातीत जळजळतंय. पित्त नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज अक्षर वेडंवाकडं येतंय.

वाचनालयातून लवकर परतलो. दार नुसतं लोटलेलं. खोलीच्या मधोमध ओळंबा उभा, हात किंचित वर, आणि हिची टेप त्याच्या छातीभोवती. ही त्याच्या पाठीमागे. दोघं हसत होते. मला बघूनही हसायचे थांबले नाहीत, हे विशेष. "अहो, जरा ते पेन द्या," ही म्हणाली, आणि मी दिलं. मीच दिलं! मग ही आकडे सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. खांदा उजवा इतका, डावा इतका. दोन्ही अगदी सारखे.

"सरळ आहे बाई," ही म्हणाली. माझ्याबद्दल असं कौतुकाने कोणी काही सरळ म्हटलेलं मला आठवत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

लेकीला फोन केला. आडून आडून विषय काढला. ती इतकी हसली की पलीकडे जावई काय झालं म्हणून विचारायला लागला. म्हणाली, बाबा, तो आईला काकू म्हणतो. मी म्हणालो, कसा म्हणतो ते तू ऐकलेलं नाहीस.

मग एकदम गंभीर झाली. "तुम्ही आईची साइट कधी उघडून बघितलीत?"

मी म्हणालो, शिवणकामातलं मला काय कळतं. तिने फोन ठेवला. मुलगी आईवर गेली आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ठरवून टाकलं. ज्या कामाच्या निमित्ताने हा घरात येतो, ते काम मीच करणार. चहाच्या वेळी जाहीर केलं की यापुढे साइटच्या प्रती मी काढीन. हिचा चेहरा खुलला. खरंच खुलला. "तुम्ही? माझ्या साइटचं?" असं दोनदा विचारलं. त्याच्या जाण्याचं दुःख लपवायला आणलेलं हसू असावं, पण छान आणलं होतं.

ओळंब्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि शिकवायला लागला. प्रत मूळ साइटच्याच जागी ठेवायची नाही. एकच ठेवायची नाही. आणि अधूनमधून ती उघडून बघायची, सगळं आत आलंय का ते. "काका, न उघडलेली प्रत म्हणजे नसल्यासारखीच," म्हणाला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या उघडून तपासल्या त्याला हे सांगतो! मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाळा, तुझे दिवस भरले.

जाताना म्हणाला, माझी यंत्रणा चालूच राहू द्या, एकाला दोन बऱ्या. राहू द्या म्हणे.

रविवार, २१ सप्टेंबर

पहिली प्रत काढली. काय काय उतरवून घ्यायचं, याच्या चौकटी येतात. मजकूर, प्रतिक्रिया, चित्रं. तिन्हींवर खूण केली तर यंत्र रडतखडत चालायला लागलं. चित्रांवरची खूण काढली, तर चुटकीसरशी झालं. रेघोट्यांसाठी कोण थांबतो? महत्त्वाचा असतो तो मजकूर. आणि खरं सांगायचं तर मला हव्या होत्या प्रतिक्रिया. त्यात हा ओळंबा कुठे कुठे डोकावतो, ते बघायचं होतं.

दिवसभर वाचत बसलो. तो फारसा कुठे नाही. हुशार आहे, खुणा ठेवत नाही. पण बाकीचे किती! कोणी मुंढ्याची म्हणजे बाहीच्या जोडाची गोलाई विचारतंय, कोणी कॉलरची उंची. ही प्रत्येकाला उत्तर देते, आणि कशी देते! थट्टा करते, धीर देते, चुकलं तर पुन्हा समजावते. घरात ही एवढं बोलत नाही. म्हणजे मी असताना बोलत नाही. वाचता वाचता मला त्या सगळ्या अनोळखी माणसांचा राग यायला लागला.

एक चूक मात्र सापडली. पुरुषांच्या शर्टाचा जो नमुना आहे, त्याबद्दल वर्षानुवर्षं लोक तक्रार करताहेत की डावा खांदा खाली उतरतो, दुरुस्त करा. आणि ही दर वेळी एकच उत्तर देते, "तो तसाच राहील. आपापल्या मापाने वर घ्या." उगाच हट्ट. इतकं साधं चुकलेलं असताना दुरुस्त करायला काय होतं? हिची चूक मला सापडली याचा आनंद झाला, तो लपवत नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

काम फत्ते. साइटचा पासवर्ड बदलला. त्याला शिरायची वाटच बंद. मग हिच्या मेलवरून हिच्या नावाने त्याला लिहिलं: "सदर साइटच्या आपणाकडील सर्व प्रती त्वरित नष्ट कराव्यात. प्रती काढण्याची व्यवस्था घरीच केलेली आहे. आपण येण्याची आवश्यकता नाही. कळावे."

तासाभरात उत्तर. "काकू, नक्की ना? सगळ्याच काढून टाकू?" मी लिहिलं, "होय. सदर बाब अंतिम समजावी."

त्यानंतर त्याचा पत्ता असा अडवून टाकला की त्याचे निरोप आता हिच्यापर्यंत पोचणारच नाहीत. मग जेवलो. दोन घास जास्त गेले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आला नाही. हिने तीन कप काढले होते, एक परत ठेवला. दोनदा खिडकीशी गेली. मी म्हणालो, प्रती आता मी काढतो, तो कशाला येईल? मी पुस्तक उलटं धरलंय हे मला उशिरा कळलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

पेनड्राइव्हवर प्रत काढली, कपाटात ठेवली. किल्ली माझ्याकडे.

चहा पिताना ही म्हणाली, "हल्ली पहाटेचा तो निरोप येत नाही. बरं वाटायचं वाचून." मी म्हणालो, आता मी आहे ना, मी सांगतो, सुखरूप. ही हसली आणि म्हणाली, "हो, तुम्ही आहात."

किती साधी वाक्यं. तरी आत कुठेतरी टोचलं. त्याचं वाचून बरं वाटायचं, आणि माझं ऐकून नुसतं हसू येतं?

बुधवार, ८ ऑक्टोबर

सकाळपासून साइट उघडत नव्हती. ज्या कंपनीच्या यंत्रावर ती ठेवलेली, तिथे फोन केला. डिस्क बसली म्हणाले, त्यावरचं सगळं गेलं. दिलगीर आहोत, पण प्रती ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची असते.

हिने फोन माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे आहे ना प्रत?" आयुष्यात एवढ्या विश्वासाने माझ्याकडे कोणी पाहिलेलं नाही. मी किल्ली काढली. ताठ मानेने गेलो, ताठ मानेने आलो. कंपनीच्या मुलीने फोनवर सांगितलं तसं करत गेलो आणि दुपारी साइट उघडली.

पहिलं पान आलं. शब्द सगळे जागच्या जागी. आकृतीच्या जागी रिकामी चौकट. पुढचं पान, चौकट. त्याच्या पुढचं, चौकट. फ्रॉकच्या कळ्या, पँटचा घेर, मुंढे, कॉलर, सगळ्यांच्या जागी चौकटीच चौकटी. ही एकेक पान उघडत गेली. मी कधी न पाहिलेल्या त्या रेघोट्या मी आता कधीच बघू शकणार नव्हतो.

"चित्रं?" हिने विचारलं.

मी सांगितलं, ती खूण मी काढली होती. वेळ लागत होता म्हणून.

हिने आणखी एक पान उघडून बघितलं. मग अंधूक आशेने म्हणाली, आपल्या साइटवाल्याकडे असतील. फोन लावायला उठली. माझ्या पायाखालची जमीन सरकली, ती अजून जागेवर आलेली नाही. खाकी भेंडोळी मीच टाकली, हे तेव्हा आठवलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तो आला. तोच निळा शर्ट, तीच चुणी. बसला नाही. म्हणाला, "काकू, माझ्याकडे काहीच नाही. तुम्हीच काढून टाकायला सांगितलंत." फोनवरचा तो मेल हिच्यापुढे धरला.

हिने चष्मा लावला. वाचलं. मला वाटतं दोनदा वाचलं, कारण नजर वरून खाली येऊन पुन्हा वर गेली. मग चष्मा काढून पदराला... नाही, ओढणीला पुसला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी भिंतीकडे बघत होतो.

"हो," ही म्हणाली. "मीच लिहिलं होतं. विसरले बघ."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, मग माझं काही चुकलं होतं का? ही म्हणाली, नाही रे, तुझं काही नाही.

जीव भांड्यात पडला माझा. पण काही उलगडा होत नाही. न लिहिलेला मेल आपण लिहिला असं हिला कसं वाटलं? वय झालं असावं. की त्याच्यापुढे इतकी विरघळली की तो म्हणेल ते खरं? दिवसभर हेच डोक्यात. सुटलो, पण सुटल्यासारखं वाटत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

हिने नवा खाकी कागद आणला. जमिनीवर पसरून पहिल्यापासून आकृत्या काढायला बसली. गुडघे दुखतात, दर थोड्या वेळाने उठते. ओळंबा फोटो काढायला येतो म्हणाला, उद्यापासून. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, मजकूर माझ्याकडे आहे, त्यावरून मी काढतो. हिने पेन्सिल पुढे केली.

लहान मुलाच्या फ्रॉकपासून सुरुवात केली. छातीचा चौथा भाग, त्यात इतकं मिळवा, तिथून काटकोन, तिथून गोलाई. एकही पायरी गाळलेली नाही. शब्द वाचत जावे आणि कंपास फिरवत जावा, आकृती आपोआप पुरी होते. अशी स्वच्छ रचना मी पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही. पंधरा वर्षं माझ्या घरात भूमिती चालली होती आणि ती मी सोडून सगळ्यांनी पाहिली. ओळंब्याने तर पहिल्यापासून. कसला जळलो, म्हणून सांगू.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज पुरुषांच्या शर्टापाशी अडलो. बाकी सगळं लिहिलंय, खांद्याच्या उताराचा आकडा मात्र नाही. नुसतं 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे'. हिला विचारलं. म्हणाली, तो कधी लिहिला नाही. मग टेप घेऊन आली.

"उभे राहा."

मी म्हणालो, त्या साइटवाल्याचं माप घेतलंयस ना? सरळ आहे म्हणालीस. तेच घाल.

"ते नव्या नमुन्याला. हा जुना." मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मी पोट आत ओढलं. पोट सोडा म्हणाली, पोटाचं काम नाही. "पहिला नमुना कुणाच्या मापावर काढणार होते मी? तुमचा शर्ट पसरला आणि त्यावरून काढला. डावा खांदा खाली. वह्यांची पिशवी वागवून वागवून. लोक सांगायचे, दुरुस्त करा. मी नाही केला."

"का?"

"मला तो तसाच माहीत होता."

टेप मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत गेली. ही सांगत राहिली. साइटवाल्याला शर्ट हिनेच शिवून दिला होता, त्याच नमुन्यावरून. त्या बिचाऱ्याला चुणी पडली. तेव्हा म्हटलं, आता सरळ खांद्यांचा एक काढू या. आधी तुमचंच बघणार होते, पिशवी सुटलीय तर खांदा वर आला असेल. पण तुम्ही कुठे पुतळा आहात!

मी उभा होतो. हिने टेपचं टोक बोटाखाली धरलं, पुन्हा मोजलं, पुन्हा. मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाली, "सदर खांदा जरा सैल सोडा."

सदर! मेलमधला माझा शब्द. वळायला गेलो.

"हलू नका," ही म्हणाली. "माप चुकतं."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काल ओळंबा आला होता. नवा पासवर्ड मी त्याला माझ्या हाताने लिहून दिला आणि तो मेल कुणी लिहिला होता, तेही सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, बरं झालं सांगितलंत, काकूंचा हात असा जड नसतो. त्याच्या कपात साखर मीच घातली, दीड चमचा.

बसला तेव्हा डाव्या खांद्यावर ती चुणी. माझा खांदा अंगात घालून हा माणूस वर्षभर माझ्या घरात वावरला. असे किती असतील कोण जाणे. सगळ्यांचाच हेवा वाटतो. जुना नमुना काढू नकोस, पहिल्या पानावर ठेव, असं हिला बजावलंय.

त्याचा अडवलेला पत्ता मी मोकळा केला आणि त्याची यंत्रणा कालपासून पुन्हा चालू झाली. तो निरोप त्याचं यंत्रच पाठवतं, तो बिचारा तेव्हा झोपलेला असतो, हेही कालच कळलं. आज पहाटे निरोप आला. आजची प्रत सुखरूप. निश्चिंत असा. ही उठायच्या आत मी वाचून घेतला, आणि उठल्यावर मीच हिला सांगितलं.